अडतीस नट

टाकीत ४० नट टाकले होते, बाहेर ३८ आले. ही गोष्ट मी घरात कोणाला सांगितली नव्हती. हिला सांगायचा तर प्रश्नच नव्हता, कारण नट मोजून टाकायला तीच बसली होती. नंतर तिने स्वयंपाकघरातून "आले का सगळे?" असं विचारलं, तेव्हा मी "हो" म्हणून मोकळा झालो. मी ३३ वर्षं बँकेत काढली. संध्याकाळी कॅश दोन रुपयांनी कमी भरली तर अख्ख्या शाखेला रात्री नऊपर्यंत बसवून ठेवणारा माणूस. स्वतःच्या टाकीतली तूट मात्र मी गुपचूप सस्पेन्स खात्यात टाकली.

टाकी येझदी रोडकिंगची. गाडी १९८६ सालची, आणि २००३ पासून आमच्या पार्किंगमध्ये निळ्या ताडपत्रीखाली. ताडपत्रीवर आधी धूळ साचली, मग मांजर बसायला लागलं, मग मांजराला पिल्लं झाली. मी मात्र चारचौघांत "माझ्याकडे येझदी आहे" असंच सांगायचो, "होती" कधी म्हटलं नाही. २०२२ मध्ये येझदी हे नाव बाजारात परत आलं, तेव्हापासून तर सोसायटीतली पोरं "काका, ओरिजिनल आहे?" म्हणून आदराने बघायला लागली. ओरिजिनल होती यात वाद नाही. गंजसुद्धा ओरिजिनल होता.

माझं सगळं मातेरं निरोपसमारंभात झालं. "आता पुढे काय?" या प्रश्नाला लोक नातवंडं, विपश्यना, नर्मदा परिक्रमा असं काहीतरी सांगतात. मी माईक हातात घेऊन म्हणालो, "एक जुनी येझदी आहे. ती घरीच, स्वतःच्या हातांनी, १५,००० रुपयांत उभी करणार." टाळ्या पडल्या. दुसऱ्या रांगेतून ही माझ्याकडे बघत होती, ती टाळ्या वाजवत नव्हती. तोवर माझ्या हातून घडलेलं सर्वांत अवघड यांत्रिक काम म्हणजे कुकरची रिंग बदलणं, आणि तीही पहिल्या वेळी दुसऱ्याच कुकरची आणली होती.

टाकीपासून सुरुवात केली, कारण बोल्ट न तुटता निघालेली ती एकच वस्तू. आत बॅटरी मारून पाहिलं तर जुन्या भिंतीसारखे गंजाचे पापुद्रे सुटलेले. नाना पेठेतल्या दुकानदाराने गंज काढायचं औषध दाखवलं. किंमत ऐकून मी म्हटलं, पितळेची भांडी चिंचेने लखलखतात, मग लोखंडाने काय पाप केलंय? वर्षाच्या साठवणीतली अर्धा किलो चिंच कोमट पाण्यात कोळून टाकीत ओतली, पेट्रोलच्या कॉकच्या भोकाला बूच मारलं, खरवडायला म्हणून १० नंबर पान्याचे ४० नट आत सोडले, टाकी गोधडीत गुंडाळून मांडीवर घेतली आणि हलवायला लागलो. सकाळी अर्धा तास, संध्याकाळी अर्धा तास. दुसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरचे काका वर आले आणि आमच्याकडे जेवणावळ आहे का, असं विचारून गेले.

तिसऱ्या दिवशी आतून चॉकलेटी रंगाचं सार निघालं आणि टाकी चांदीसारखी चमकली. मी फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकला, खाली "टाकाऊतून टिकाऊ" असं लिहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आत पाहतो तर सगळं पुन्हा केशरी.

"चिंच मिठाची होती ना," ही भाजी निवडता निवडता म्हणाली. "टिकायला मीठ लावूनच भरतो आपण. मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल."

मग बिनमिठाची चिंच विकत आणली. पुन्हा तीन दिवस मांडीवर टाकी. नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुतली, हिच्या हेअर ड्रायरने सुकवली आणि आत टू-टी ऑइल फिरवून सगळीकडून पातळ थर बसवला. नट काढायला उलटी केली ती याच वेळी. येझदीची टाकी फ्रेमच्या नळीवर खोगिरासारखी बसते, त्यामुळे तिला दोन बाजूंना दोन पोटं असतात. ३८ नट शहाण्यासारखे बाहेर आले. उरलेले दोन कुठल्या पोटात गेले ते त्यांनाच ठाऊक. मी पाऊण तास टाकी हलवली, आपटली, तिच्यात वाकून विनंतीही केली.

बजेटबद्दल थोडक्यात सांगतो, कारण विषय नाजूक आहे. पिस्टनच्या रिंगा, क्लचप्लेट, कॉइल, दोन टायर. १५,००० तिसऱ्याच आठवड्यात संपले. पुढची बिलं मी हेल्मेटच्या आत कोंबून ठेवायला लागलो, आणि हिशोबाच्या वहीत चेन-स्प्रॉकेट 'औषधं' आणि बेअरिंग 'देणगी' म्हणून दाखवायला लागलो. असल्या नोंदींवरून मी माझ्या काळात दोघांना मेमो दिले होते. हिने वही वाचून विचारलं, "ही देणगी कोणत्या देवस्थानाला?" मी म्हटलं, "मैसूरच्या." खोटं नव्हतं. गाडी मैसूरचीच. कारखाना १९९६ मध्ये बंद पडला, देणग्या अजून चालू आहेत.

हे सगळं गॅरेजवाल्याला का दिलं नाही, असं कोणी विचारेल. गेलो होतो. दोन ठिकाणी गेलो. पहिल्याने गाडीकडे न बघता "सामान मिळत नाही" म्हटलं, दुसऱ्याने बघून "भंगारात द्या, काका." पूर्वी मिस्त्री म्हणायचे, "उघडून बघू." या दोन शब्दांत केवढा धीर असायचा! मिक्सर बिघडला, घड्याळ थांबलं, पंखा कुरकुरला, की कोणीतरी पानाची पिंक टाकून म्हणायचं, उघडून बघू. आता कोणी काही उघडतच नाही. लांबूनच सांगतात, नवीन घ्या, परवडेल. मला परवडत नाही असं नाही. पण न उघडता सांगतात याचा संताप येतो.

आता किकबद्दल बोलल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. ज्यांना घाई असेल त्यांनी तीन परिच्छेद सोडून द्यावेत. बटण दाबून गाडी चालू करणाऱ्यांना कळायचं नाही, पण किकवरून माणूस ओळखता यायचा. चेतकवाला आधी स्कूटर स्वतःकडे कलती करायचा, आजारी माणसाला औषध पाजायला कुशीवर वळवावं तशी, आणि मग किक मारायचा. लूनावाला पेडल मारत निघायचा. लांबून सायकलवालाच वाटायचा, आणि मधेच त्याचे पाय थांबून आवाज सुरू व्हायचा. बुलेटवाला किक मारण्याआधी पिस्टन कुठे आहे त्याचा अंदाज घेत असा उभा राहायचा, की लोक काहीतरी पवित्र चाललंय म्हणून गप्प बसत.

येझदीची गंमत या सगळ्यांपलीकडची. तिची किक आणि गिअर म्हणजे एकच दांडा, तोही डावीकडे. आडवा असेल तेव्हा तो गिअर. आत दाबून उभा फिरवला की तो किक. गाडी चालू झाली की पुन्हा खाली पाडायचा, की झाला गिअर. शिवाय गिअर टाकताना हाच दांडा आतून क्लचही उचलतो, म्हणजे क्लच न दाबताही गिअर पडतात. एका दांड्यात तीन खाती. आमच्या बँकेत एवढं काम करणारा माणूस मी पाहिला नाही. माझ्या एका मित्राने एकदा गाडी मागून नेली, बंद पडल्यावर उजव्या बाजूला पंधरा मिनिटं किक शोधली, आणि शेवटी ढकलत परत आणली. किक चोरीला गेली म्हणून त्याने माझी माफीसुद्धा मागितली. मी बराच वेळ त्याला खरं सांगितलं नाही.

आणि राजदूत. राजदूतची किक म्हटलं की मला एकच माणूस आठवतो. मी तेव्हा एका तालुक्याच्या शाखेत वसुली बघायचो. हप्ते थकलेल्या गाड्या उचलून शाखेच्या मागच्या आवारात लावायच्या, मग लिलाव. त्यात एका दूधवाल्याची राजदूत होती, दोन्ही बाजूंना कॅन अडकवायचे आकडे तसेच. दर बाजाराच्या दिवशी तो यायचा. "चालू करत न्हाई सायेब, नुसती किक मारतो. पडून राहिली की इंजिन जाम होतंय." चावी आमच्याकडेच असायची. तो दहाबारा किका मारायचा, हाताने सीट पुसायचा आणि जायचा. दोन महिन्यांनी वरून तपासणी येणार होती, म्हणून मी फाटकावर नोटीस लावली: ताब्यातील वाहनांना हात लावू नये. पावसाळ्यानंतर लिलाव झाला तेव्हा इंजिन जाम झालेलं होतं. गाडी भंगाराच्या भावाने गेली आणि तेवढी रक्कम त्याच्या खात्यात जमा झाली. नियमाने मी बरोबर होतो. नोटिशीचा मजकूर अजून तोंडपाठ आहे.

असो. तर सात महिन्यांनी, एका रविवारी, माझी येझदी जोडून उभी राहिली. पॉइंटचं टायमिंग मी स्वतः, मोबाइलवर व्हिडिओ बघून लावलं होतं. चाकाखाली लिंबू ठेवलं. हिने कुंकू लावलं, पण मागे बसायला नको म्हणाली. तिच्या पोटरीवर रुपयाएवढा डाग आहे, आमच्या लग्नानंतरच्या दुसऱ्या महिन्यात सायलेन्सर लागला होता त्याचा. मी लोकांना आमच्या येझदीवरच्या महाबळेश्वरच्या गोष्टी सांगतो, त्यात धुकं असतं, स्ट्रॉबेरी असतात. तिच्या महाबळेश्वरात पसरणीचा घाट आणि ढकलणं असतं. दोघं एकाच गाडीवरून गेलो होतो.

तर किका मारायला लागलो. विसाव्या किकेनंतर प्रेक्षक खुर्च्या घेऊन बसले. मग दांड्याने असा उलटा तडाखा दिला की डोळ्यांपुढे काजवे चमकले, आणि त्याच क्षणी गाडी चालू झाली! निळा धूर, टाळ्या, शिट्ट्या. मी दुखऱ्या पायाने पहिला गिअर टाकला, मान ताठ केली, क्लच सोडला, आणि गाडी मागे निघाली.

टू-स्ट्रोक इंजिनाला स्वतःची दिशा कळत नाही. ठिणगी फार लवकर पडली तर पिस्टन वर पोचायच्या आतच उलटा फेकला जातो, आणि इंजिन उलटंही तितक्याच आनंदाने फिरत राहतं. म्हणजे त्या क्षणी माझ्याकडे चार रिव्हर्स गिअर असलेली मोटारसायकल होती. मी ताठ मानेनेच मागे गेलो आणि सेक्रेटरीबाईंच्या कढीपत्त्याच्या कुंडीवर थांबलो. प्रेक्षकांनी वन्स मोअर दिला.

मग मात्र जुन्या मिस्त्रींना शोधायला निघालो. त्यांच्या गॅरेजच्या जागी मोबाइलच्या कव्हरांचं दुकान आहे. दुकानातल्या पोराने पत्ता दिला. मिस्त्री आता पंचाहत्तरीचे, हात थरथरतात. मी रिक्षाने घेऊन आलो. त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली. मी काय काय केलं ते सगळं सांगितलं, त्यांनी काही ऐकलं नाही. खाली बसले आणि म्हणाले, "उघडून बघू."

पॉइंटचा गॅप ०.४ मिलिमीटर. मी नवाकोरा फीलर गेज पुढे केला. त्यांनी तो बाजूला ठेवला. "आकडे दिसत नाहीत. जाड कागद आहे?" पाकिटात माझं व्हिजिटिंग कार्ड होतं, निवृत्तीच्या वेळी दोनशे उरली होती. त्यांनी ते दोन बोटांत चोळून पाहिलं, "बरोबर जाडीचं आहे" म्हणाले आणि टर्रकन फाडलं. 'वरिष्ठ व्यवस्थापक' माझ्या हातात राहिलं, 'कर्जवसुली' पॉइंटमध्ये गेली. उजवं मनगट त्यांनी इंजिनावर टेकवलं, की थरथर थांबायची. स्क्रू आवळला, कागद अलगद ओढून पाहिला. मग टायमिंग लावलं. तिसऱ्या किकेला गाडी चालू झाली, आणि या वेळी सुलटी.

"ट्रायल मारून येतो," म्हणाले आणि गेले. तेव्हा अकरा वाजले होते.

साडेअकरा झाले. बारा झाले. मी दोनदा रस्त्यापर्यंत जाऊन आलो. "नेली वाटतं गाडी," ही म्हणाली. "आता वसुलीला कोणाला पाठवताय?"

एक वाजायला आला तेव्हा आधी आवाज आला, मग मिस्त्री. उतरले, कॉक बंद केला, रुमालाने टाकी पुसली. "रिझर्व्हला आलीय." सकाळी मी तीन लिटर टाकलं होतं, मोजून १२० मिली ऑइलसकट. सवयीने मनात हिशोब मांडला. चाळीसेक किलोमीटर तरी झाले असणार. म्हणजे पुण्याबाहेर कुठेतरी वीस जाऊन वीस परत. चपलांना लाल माती लागलेली होती. मी काही विचारलं नाही.

"पिकअप आहे," मिस्त्री म्हणाले. "फकस्त ब्रेक मारला की टाकीत खुळखुळतंय."

"काय असेल हो?" मी विचारलं. ही तेवढ्यात चहा घेऊन आली होती.

"नट," मिस्त्रींनी बशीत चहा ओतला. "दोन हायेत."