पाव-साधक: स्वरूप, लक्षणे आणि सवयी

पाव-साधक हा हौशी बेकरांचा अलीकडचा प्रकार असून बिडाच्या जाड, झाकणबंद भांड्यात, म्हणजे डच ओव्हनमध्ये, घरच्या घरी पाव भाजणे हा त्याचा शनिवार-रविवारचा मुख्य उद्योग आहे. पोटापाण्याचा उद्योग वेगळा असतो आणि तो बहुधा संगणकाशी संबंधित असतो. जगभर याच्या शाखा आहेत. येथे वर्णन आहे ते कॅलिफोर्नियातल्या, फ्रीमाँट-सनीवेल-सॅन होजे या पट्ट्यातल्या मराठी शाखेचे. वय साधारण चाळिशीचे. लहानपणी याचा स्वयंपाकघराशी संबंध पाणी पिण्यापुरता आणि डबे उघडून पाहण्यापुरता होता. पीठ भिजवल्यावर ते मुरू द्यावे लागते ही गोष्ट त्याला फार उशिरा कळली, आणि कळल्यापासून ती तो घरातल्या बायकांना समजावून सांगत असतो.

या पंथाचा उगम श्रम वाचवण्यात आहे. साधकाला हे फारसे आवडत नाही, पण इतिहास तसा आहे. न्यूयॉर्कच्या सलिव्हन स्ट्रीट बेकरीचे जिम लेही यांनी पीठ न मळता पाव करण्याची रीत बसवली आणि मार्क बिटमन यांनी ती नोव्हेंबर २००६ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’मधल्या आपल्या सदरातून घरोघरी पोचवली. तीन कप पीठ, पाव चमचा यीस्ट, मीठ आणि पाणी एकत्र ढवळायचे, झाकून बारा ते अठरा तास विसरून जायचे, मग कडकडीत तापलेल्या भांड्यात तो गोळा टाकून झाकण लावायचे. काम काळाने आणि भांड्याने करावे, माणसाने झोपावे, अशी मूळ योजना. पाव-साधकाने या रीतीत वाचलेले सगळे श्रम एकेक करून परत आणले आणि त्यात स्वतःचे काही घातले. त्याची दखल घ्यावी लागते ती यासाठी.

पहिली भर पडली २०१० मध्ये. सॅन फ्रान्सिस्कोच्या टार्टीन बेकरीचे चॅड रॉबर्टसन यांचे ‘टार्टीन ब्रेड’ हे पुस्तक त्या वर्षी आले. त्यात यीस्टच्या पुडीऐवजी आंबवलेल्या पिठाचे विरजण होते आणि मळण्याऐवजी अर्ध्या-अर्ध्या तासाने पिठाला घड्या घालायच्या होत्या. अर्ध्या तासाने उठायचे म्हटल्यावर झोपण्याचा प्रश्नच मिटला. दुसरी भर २०२० च्या टाळेबंदीने घातली. दुकानांतले यीस्ट संपले, ऑफिस घरात आले, आणि कॅमेरा बंद करून मीटिंग ऐकता-ऐकता पिठाला घड्या घालता येतात हे एका अख्ख्या पिढीच्या लक्षात आले. आज आढळणारे बहुतेक साधक त्या वर्षीच्या पिकातले आहेत.

साधकाची ओळख पटवण्याची सोपी खूण म्हणजे हाताच्या आतल्या बाजूला, मनगटाच्या जरा वर, भाजल्याचे एकदोन आडवे डाग. तापलेल्या भांड्यात पीठ सोडताना कड लागते त्याचे हे डाग. तळहातावर डाग असेल तर तो साधक नवखा समजावा: झाकण काढून ओट्यावर ठेवायचे आणि दोन मिनिटांनी ते बाजूला सारायला उघड्या हाताने धरायचे, हा अपघात एकदाच होतो. मुरलेला साधक काढलेल्या झाकणाच्या मुठीवर जाड हातमोजा घालून ठेवतो आणि घरातल्या कोणालाही ओट्यापाशी फिरकू देत नाही.

भांडे स्वतः पाच क्वार्टचे, म्हणजे पावणेपाच लिटरच्या आसपास, आणि झाकणासकट सुमारे सहा किलोचे असते. पाहुण्यांना तो ते उचलून पाहायला लावतो आणि वाळूच्या साच्यात बिडाची भांडी ओतण्याचे पेटंट इंग्लंडमधल्या अब्राहम डार्बी यांनी १७०७ मध्ये घेतल्याचे सांगतो. पाहुणे ‘अरे वा’ म्हणून भांडे जपून खाली ठेवतात. साधकाच्या मूळ घरी, साताऱ्याला म्हणा किंवा डोंबिवलीला, आजीच्या वेळचा बिडाचा तवा होता. नॉनस्टिक आल्यावर तो भंगारवाल्याला द्यावा असा आग्रह धरणारा मुलगा हाच.

भांड्याची थोरवी मात्र खोटी नाही. आधी ते ओव्हनमध्ये पाऊणएक तास पाचशे अंश फॅरनहाइटवर, म्हणजे २६० सेल्सिअसवर, तापवतात. पीठ चांगलेच ओले असते: शंभर ग्रॅम पिठाला पंचाहत्तर ग्रॅम पाणी, कधी त्याहून जास्त. यातल्या काही पाण्याची वाफ होते आणि जड झाकण ती आत कोंडून धरते. त्या वाफेत पावाचा वरचा थर ओलसर आणि लवचीक राहतो, म्हणून आतला वायू प्रसरण पावताना पाव वर चढतो. कोरड्या हवेत हाच थर लवकर कडक होऊन पावाला आवळून टाकतो. ओलाव्यामुळे पृष्ठभागावरच्या स्टार्चची खळ होते आणि तिचीच पुढे चकाकी येते. बेकऱ्यांच्या भट्ट्यांत यासाठी वाफ सोडण्याची सोय असते; घरी ते काम झाकण करते. वीसएक मिनिटांनी झाकण काढले की वाफ जाते, कवच वाळते, तांबूस होते, मग तपकिरी. तळही भाजतो, कारण जाड बीड गार पीठ पडल्याने निवत नाही.

झाकण लावलेल्या त्या वीस मिनिटांत माणसाने करावे असे काहीही नसते. साधकाला हे सहन होत नाही. तो ओव्हनसमोर जमिनीवर मांडी घालून बसतो आणि काचेतून आत पाहतो. आत काळे झाकण दिसते. तो झाकण पाहतो.

बाकीचा सगळा वेळ विरजणाचा. त्याला तो स्टार्टर म्हणतो आणि त्याचे बारसे करतो. ‘फुगेश’ हे नाव मराठी घरांत शोभते. काचेच्या बरणीतल्या या फुगेशला सकाळ-संध्याकाळ पीठ आणि पाणी समभाग घालावे लागते, आणि त्याआधी निम्मा फुगेश काढून टाकावा लागतो, नाहीतर आठवड्याभरात बादली पुरायची नाही. साधकाच्या मते त्याच्या विरजणाला सॅन फ्रान्सिस्कोच्या हवेचा गुण आहे. या शहराचे नाव लावणारा एक जिवाणू खरोखरच आहे: १९७१ मध्ये शास्त्रज्ञांनी तेथल्या आंबट पावातून तो वेगळा केला. पुढे तोच जिवाणू इतर देशांतल्या विरजणांतही सापडला. हा दुसरा भाग साधक सांगत नाही. कुटुंब सहलीला निघाले की फुगेश फ्रिजमध्ये जातो, शेजाऱ्याला लेखी सूचना जातात, आणि सासऱ्यांची पंच्याहत्तरी कधी आहे याची त्याला बायकोने आठवण करून द्यावी लागते.

मोजमाप हा त्याच्या स्वभावाचा गाभा. पीठ म्हणजे शंभर धरून पाणी, मीठ, विरजण यांची टक्केवारी काढायची, ही बेकऱ्यांची जुनी आणि सोयीची पद्धत. साधक तिची एक्सेल शीट करतो आणि तीत खोलीचे तापमानही नोंदवतो. सहा महिन्यांच्या मुक्कामाला आलेल्या आईला तो एकदा विचारतो, “आई, इडलीच्या पिठाचं हायड्रेशन किती ठेवतेस?” आई म्हणते, “अरे, पळीवाढं.” शीटमध्ये असा रकाना नसतो.

या मुक्कामात दोन आंबवणशास्त्रे समोरासमोर येतात. निम्मे पीठ कचऱ्यात जाताना पाहून आईला राहवत नाही. ती ते एका वाटीत काढते, त्यात तांदळाचे पीठ, मिरची आणि कोथिंबीर घालून घावन टाकते. घावन नाश्त्याला संपतात. पाव त्या वेळी फ्रिजमध्ये दुसरी रात्र काढून नुकताच बाहेर आलेला असतो.

पाव बाहेर काढल्यावर लगेच कापायचा नसतो. आतली वाफ आणि स्टार्च स्थिरावायला किमान तासभर लागतो, नाहीतर आतला भाग चिकट राहतो. निवताना कवच आक्रसून बारीक तडतडते. पाव गातो, असे बेकरी-व्यवसायात म्हणतात. साधक घरच्यांना गोळा करून ते गाणे ऐकवतो. डिशवॉशर बंद करायला लावतो. मग करवती सुरीने बरोबर मध्ये काप घेतला जातो आणि जाळीची तपासणी होते. मोठी, अनियमित छिद्रे असलेली जाळी म्हणजे यश. तिचा फोटो खिडकीच्या उजेडात काढून तीन ग्रुपांवर जातो. त्याच छिद्रांतून लोणी खाली ताटलीत गळते, याची नोंद कोणी घेत नाही. “वरून करपलाय का रे?” असे आई विचारते. कवच मुद्दाम तसे भाजले आहे, चव त्या रंगातच असते, असे तो सांगतो. ते खरेही असते. आई तुकडा चहात बुडवते आणि तो मऊ होण्याची वाट पाहते.

सार्वजनिक जीवनात साधक महाराष्ट्र मंडळाच्या पॉटलकला दिसतो. तेथे मिसळीसाठी पाव आणण्याची जबाबदारी तो आपणहून घेतो. मिसळीच्या पावाचे काम रस्सा शोषण्याचे. याच्या पावाचे कवच रस्सा परतवून लावते आणि टाळू सोलते. पुढच्या वर्षी त्याला पत्रावळ्या आणायला सांगतात.

डिसेंबरात भारतात येताना तो वाळवलेल्या विरजणाचे पापुद्रे पुडीत बांधून आणतो आणि पुण्यातल्या वर्गमित्राला दीक्षा देतो. पुण्याच्या शाखेचे हाल वेगळे. झाकणासकट भांडे ओटीजीच्या वरच्या कांडीला टेकते, म्हणून तेथे बिडाची कढई पालथी घालून काम भागवतात. मे महिन्यात बारा तासांची आंबवण चार तासांत उरकते आणि पीठ पातेल्याबाहेर येते. पाव तरीही होतो.

साधकावस्था कायमची नसते. ऑफिसने आठवड्यातून तीन दिवस बोलावले की घड्यांचे वेळापत्रक मोडते. तीन महिन्यांची साखर तपासून झाल्यावर डॉक्टर मैद्याबद्दल बोलतात. मग काही काळ राय आणि सबंध गव्हाचे प्रयोग चालतात, ज्यांचा पाव वजनाला भांड्याच्या जवळपास जातो. शेवटी भांडे मटणाच्या रश्श्याला लागते आणि एखाद्या रात्री पाणी घालून सिंकमध्ये भिजत राहते. सकाळी त्यावर गंज असतो. गंज घासायचा, भांडे पूर्ण वाळवायचे, जवसाच्या तेलाचा अगदी पातळ हात द्यायचा, पुसून टाकायचा, पालथे घालून तासभर ओव्हनमध्ये तापवायचे, निवू द्यायचे, आणि हे सगळे पाचसहा वेळा करायचे, अशी त्यावरची कृती आहे. ती लांबलचक आहे, तिच्यात तेलांवरून वाद आहेत, आणि तापमानाची नोंद ठेवता येते. पुष्कळ साधकांचा पुढचा छंद हाच असतो.