विहिरीला मुदतीचा कायदा

राष्ट्रीय हरित अधिकरणाचा २०१० चा कायदा करणाऱ्यांनी बेसॉल्ट खडकाला विचारलेले दिसत नाही. पर्यावरणाचा तंटा अधिकरणापुढे न्यायचा तर कारण प्रथम घडल्यापासून सहा महिन्यांत. भरपाई मागायची तर पाच वर्षांत. वर साठ दिवसांची सवलत, तीही उशिराचे कारण पटले तरच. साखर कारखान्याने ओढ्यात सोडलेले मळीमिश्रित पाणी खडकाच्या भेगांतून कोणत्या विहिरीत कधी उतरेल, हे मात्र खडक लेखी देत नाही. मग संगमनेरच्या शेतकऱ्याने विहिरीत दिनदर्शिका टांगावी आणि पाणी पिवळे पडले त्या दिवशी पंचांची सही घ्यावी.

आणि दावा लावायचा कोणावर? कारखाना सहकारी, म्हणजे शेतकऱ्याचाच. वादी भागधारक, प्रतिवादीही भागधारक, आणि ऊस अजून तोडायचा आहे.

पुरावा नाही असेही नाही. संगमनेरच्याच जिल्ह्यातल्या सोनईला साखर कारखान्याच्या सांडपाण्याने विहिरी बिघडल्याचा अभ्यास १९९८ मध्ये आंतरराष्ट्रीय नियतकालिकात छापून आला. विहिरीचे पाणी परदेशी वाचकांपर्यंत पोचले, हेही नसे थोडके.

धीर धरावा. राजस्थानातल्या बिछडीत रसायन कारखान्यांनी विहिरी काळ्या केल्या. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १९९६ चा. सफाईचा हिशेब आपल्या नागपूरच्या ‘नीरी’ने मांडला होता: ३७.३८५ कोटी. २०११ मध्ये न्यायालयाला तीच रक्कम पुन्हा मागावी लागली, १२ टक्के चक्रवाढ व्याजासह. थकबाकीदाराला मुदतीचे कलम कोणी दाखवले नाही.