पाच मिनिटांचं पुण्य

पावसाळाभर मोटरसायकल कव्हरखाली झाकून ठेवणाऱ्याला सोसायटीत एकच सल्ला मिळतो : ‘आठवड्यातून पाच मिनिटं नुसती सुरू करून ठेवा, बॅटरी चार्ज राहते.’ सल्ला फुकट, देणाऱ्याची श्रद्धा अगाध, आणि परिणाम बहुतेक वेळा उलटा. सेल्फ मारताना बॅटरी भसकन बराच करंट देऊन बसते आणि आयडलवर फुरफुरणारं इंजिन तिला जेमतेम परतफेड करतं. त्यात एप्रिल २०१७पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिनासोबत आपोआप लागतो. तो बंद करायची सोय नाही. म्हणजे भर दुपारी पार्किंगच्या खांबाला उजेड दाखवण्यात उरलीसुरली कमाईही खर्ची पडते. वर, पुरता न तापलेल्या सायलेन्सरमध्ये वाफेचं पाणी साचतं ते वेगळंच.

बॅटरीला उतरायला कारणही लागत नाही. गाडीतलं घड्याळ, अलार्म तिला गुपचूप पीत असतात. ते नसले तरी ती आपली आपण उतरते, उकाड्यात जास्तच. भरलेल्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर मीटर १२.६च्या पुढे दाखवतो. १२.४च्या खाली गेली की चार्जिंगला लावावी, कारण उपाशी बॅटरीच्या शिशाच्या प्लेटांवर सल्फेटचे खडे धरतात आणि ते जुने झाले की कुठल्याच चार्जरला दाद देत नाहीत. निगेटिव्ह वायर काढून ठेवली की निदान घड्याळाची चोरी थांबते. (काढताना निगेटिव्ह आधी, लावताना शेवटी, नाहीतर पाना चॅसीला टेकून दिवाळी.) मग महिन्यातून एकदा चार्जिंग. ५ अँपिअर-अवरच्या बॅटरीला अर्धा अँपिअर पुरतो. ट्रकच्या बॅटऱ्या भरणाऱ्या गॅरेजवाल्याच्या चार्जरला ती जोडणं म्हणजे छळ. भरल्यावर आपोआप व्होल्टेज उतरवणारा चार्जर मिळाला तर उत्तम. साध्या चार्जरवर विसरलात तर आतलं पाणी आटेल.

‘पण किक आहे ना!’ असेलही. बऱ्याच नव्या गाड्यांना मात्र ती नाही, आणि पेट्रोल इंजेक्शनच्या पंपाला वीज लागते. पार मेलेल्या बॅटरीवर किक मारून बहुधा पोटरीच तेवढी कमावली जाते. ‘मेली तर नवी घेऊ’ म्हणणाऱ्यांचा खिसा मोठा असेल, पण नवी बॅटरीही त्याच कव्हरखाली बसणार आहे. गाडी सुरूच करायची तर चांगला अर्धा तास रस्त्यावर फिरवून आणा. पाऊस फारच असेल तर शेजाऱ्यांना हसून ‘हो’ म्हणा आणि किल्लीला हात लावू नका.