थोरल्या आणि धाकट्या सिग्नलांस

पुणे, सकाळचे सव्वादहा (इंजिन चालू ठेवून)

रा. रा. थोरले सिग्नल व धाकटे सिग्नल यांस,
सा. न. वि. वि.

आपल्या दोघांत अंतर अवघं पाचशे मीटरचं, पण बोलणं नाही, हे आता रस्त्यावरच्या पोराटोरांनाही ठाऊक झालं आहे. वाटण्या झाल्यावर भावाभावांत होतं तेच. थोरले सुटले की आम्ही सगळे, म्हणजे दुचाक्यांचा थवा, रिक्षा आणि मधोमध अवघडलेली एक पीएमपी बस, ताशी तीसच्या वेगाने मिनिटभरात धाकट्यांच्या दारात हजर होतो. आणि धाकटे आम्हाला बघून लाल होतात.

बरं, हा रागही रोजच्या ठरल्या वेळी येत नाही. घड्याळ लावून पाहिलं, तेव्हा उलगडा झाला. थोरल्यांचं चक्र १२० सेकंदांचं, धाकट्यांचं ११० चं. दर फेरीला दहा सेकंदांची तफावत वाढत जाते आणि बरोबर २२ मिनिटांनी दोघं पुन्हा होते तिथे येतात. त्या सुमारास एखादी तुकडी दोन्हीकडे हिरवा घेऊन सुसाट निघून जाते. त्या भाग्यवंतांना वाटत असणार, सकाळी देवाला फूल वाहिलं ते पावलं.

खरं तर आपल्या नशिबाचा हेवाच वाटावा. सिग्नलांची हिरवी लाट जाणाऱ्यांसाठी जुळवली की येणाऱ्यांची बहुधा बिघडते. आपलं तसं नाही. धाकट्यांनी चक्र १२० चं करावं आणि थोरल्यांमागून ६० सेकंदांनी सुटावं, एवढंच. जायला मिनिट, यायला मिनिट, दोन्ही बाजू मोकळ्या! असं सोयीचं अंतर मिळावं म्हणून अभियंते तरसतात. १९६० च्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडात डेनिस रॉबर्टसन यांनी ‘ट्रान्सिट’ नावाचा प्रोग्रॅम केला, तो शेजारशेजारच्या सिग्नलांच्या वेळा जुळवण्यासाठीच. त्यातही चक्र सारखं, नाहीतर निम्मं, हे आधी आलंच.

आमच्यातले काही जण आपल्याकडे ‘हिरवा वाढवा’ म्हणून अर्ज घेऊन येतील. त्यांना चहा पाजून वाटेला लावावं. इकडचा हिरवा वाढला की तिकडचा लाल वाढतो, हे त्या रांगेत उभं राहिल्याशिवाय कळत नाही. चक्राची लांबी किती असावी याचं सूत्र वेबस्टर यांनी १९५८ मध्येच मांडून ठेवलं आहे. चक्र नको तितकं ताणलं की सगळ्यांचाच खोळंबा वाढतो, हे त्यातून दिसतं. ते १८० वरून उलटे मोजणारे टायमर पाहिले की वाटतं, वेबस्टर अजून पुण्यात पोचायचेत. कुठल्या तरी चौकात अडकले असतील.

‘लोकांनाच शिस्त नाही’ हा आपला आवडता बचाव. मान्य; आकडा पाचवर आला की झेब्रा पट्ट्यांवर आम्हीच असतो. पण लेन न पाळणाऱ्या या गर्दीसाठीच सी-डॅकच्या तिरुवनंतपुरमच्या मंडळींनी ‘कोसिकॉस्ट’ ही सिग्नल जुळवणारी प्रणाली बनवली. सी-डॅकचं मुख्यालय कुठे, तर पुण्यातच.

तूर्त आपल्या अबोल्यावर उड्डाणपुलाचा तोडगा निघतो आहे म्हणे. त्या बाबतीत आम्ही अनुभवी आहोत. विद्यापीठ चौकातला उड्डाणपूल २०२० मध्ये पाडून झाला. घड्याळं जुळवायला पाडापाडी लागत नाही, म्हणूनच बहुधा त्याचं उद्घाटन करायला कुणाला सुचत नाही.

एक मात्र कराच. पावसाळ्यात वीज गेली की आपण दोघं आपापल्या शून्यापासून मोजायला लागता आणि जुळलेलं सगळं मुसळ केरात. जीपीएसवर चालणारं घड्याळ मागून घ्या. टेंडर निघेपर्यंत आम्ही न्यूट्रलवर थांबतो, सवय आहे.

कळावे, लोभ असावा (नसला तरी निदान चक्र सारखं असावं).

आपला,
दोघांच्या मधला एक

ता. क. : धाकट्यांची प्रत पायी नेऊन दिली आहे. गाडीने उशीर झाला असता.