इन्व्हर्टरवर कोण कोण?

लाईट न सांगता गेली तर माणूस वैतागतो. सांगून जाणार असली तर कामाला लागतो. आदल्या दिवशी मोबाईलवर मेसेज येतो, ‘देखभाल-दुरुस्तीसाठी उद्या सकाळी ९ ते दुपारी ५ वीजपुरवठा बंद’, आणि आमच्या तालुक्याच्या गावात घरोघर लगबग सुरू होते. पहाटे मोटर लावून टाकी भरायची. खोबरं-लसणाचं वाटण आणि शेंगदाण्याचं कूट रात्रीच काढून ठेवायचं. फोन, पॉवर बँक, टॉर्च सगळे एकाच बोर्डावर दाटीवाटीने चार्जिंगला. कपड्यांना इस्त्री करून ठेवायची. तरी एक शर्ट राहतोच, आणि ज्याचा राहतो त्याला दुसऱ्या दिवशी नेमका तोच हवा असतो.

तक्रारीला तशी जागा नाही. ही कामं एप्रिल-मेमध्येच उरकावी लागतात. तारांना टेकलेल्या फांद्या छाटायच्या, चिनी मातीचे जुने इन्सुलेटर बदलायचे. उन्हाने तापलेल्या इन्सुलेटरवर वळवाचं गार पाणी पडलं की तो तडकतो, म्हणूनच पहिल्या सरीला लाईट जाते. हे सगळं पटतं. पण दुपारी दोन वाजता, पंखा बंद असताना, पटलेल्या गोष्टींचा फारसा उपयोग होत नाही.

सासूबाईंना या धावपळीचं हसू येतं. “आमच्या वेळी लाईटच नव्हती, जायची कुठली?” म्हणतात, आणि पाट्यावर चटणी वाटायला बसतात. पाच मिनिटांनी हळूच विचारतात, “इन्व्हर्टर चालू आहे ना गं? सिरियलच्या वेळेपर्यंत पुरेल ना?”

इन्व्हर्टर बसवायला वायरमन आला तेव्हा त्याने दारातच विचारलं होतं, “वहिनी, काय काय इन्व्हर्टरवर घ्यायचं?” प्रश्न साधा, पण त्याच्या उत्तरात घराची सगळी राज्यघटना लिहिली जाते. १५० अँपिअर-अवरची बारा व्होल्टची बॅटरी म्हणजे कागदावर १८०० वॉट-तास, प्रत्यक्षात त्याहून कमी. साधा पंखा ७५ वॉट खातो, एलईडी ट्यूब २०. मिक्सर लावला की यंत्र किंचाळतं, फ्रिजचं तर नावच काढायचं नाही. म्हणजे थोडक्यात भागवायचं, आणि थोडक्यात भागवायचं म्हटलं की माणसांची उतरंड लागते. आमच्याकडे हॉलचा पंखा बिनविरोध निवडून आला. टीव्ही आला, कारण बातम्या. राउटर आला, कारण मुलाचा अभ्यास. (अभ्यासाचं पुस्तक छापील होतं, ते सोडा.) सासूबाईंच्या खोलीतला पंखा वयाच्या मानाने आला. स्वयंपाकघराच्या वाट्याला एक ट्यूब आली. “तिथं पंखा कशाला? गॅसची आच हलते,” असं हे म्हणाले. या घरात गॅसच्या आचेची एवढी काळजी त्याआधी कुणी केल्याचं मला आठवत नाही. आणि शेजारच्या कुठल्याही घरात डोकावा, वायरिंग थोड्याफार फरकाने हेच निघेल.

बाहेर बघितलं तर राज्याचं वायरिंगही असंच आहे. मुंबईसाठी १९८१ पासून आयलँडिंगची सोय आहे: राज्याच्या वीजजाळ्यात बिघाड झाला की मुंबई त्यातून सुटी होते आणि आपल्या वीजकेंद्रांवर चालत राहते. १२ ऑक्टोबर २०२० ला ही सोय चालली नाही, लोकल जागच्या जागी थांबल्या, आणि देशभर बातमी झाली. आमच्याकडे तेवढा वेळ लाईट गेली तर शेजारीसुद्धा चौकशीला येत नाही. पुण्याने २००६ मध्ये कारखान्यांच्या जनरेटरच्या आधारावर आणि बिलात थोडे जास्त पैसे मोजून भारनियमनातून सुटका करून घेतली. बऱ्याच शेतीपंपांना मात्र पाळ्या: कधी दिवसाची, कधी रात्रीची. रातपाळी आली की माणूस हातात बॅटरी घेऊन उसात दारं धरायला जातो आणि पायाखाली काय वळवळतंय ते बघत पाणी पाजतो.

याखेरीज महावितरणने भारनियमनासाठी फीडरांचे, म्हणजे वीजवाहिन्यांचे, गट पाडले, ए पासून जी पर्यंत; जी मध्येही पुन्हा जी-१, जी-२, जी-३. जिथे गळती आणि थकबाकी जास्त, तिथे अंधार जास्त. २०२२ च्या एप्रिलमध्ये विजेचा तुटवडा पडला तेव्हा पहिली पाळी याच जी गटांवर आली. या हिशेबात बिल वेळेवर भरणारा माणूसही थकबाकीदार शेजाऱ्यांबरोबर अंधारात बसतो, ही गोष्ट वेगळी. पण निदान नियम लिहिलेला आहे, आणि बिलं भरली, गळती थांबली तर गट बदलतो. घरातल्या वायरिंगला असा काही नियमच नसतो. वायरमन गेला की संपलं.

म्हणून यंदा मेसेज आल्यावर मी टाकी भरण्याआधी वायरमनला बोलावलं आणि राज्याचं धोरण घरात लागू केलं. गळती कुठे आहे? लाईट गेल्यावर फ्रिजचं दार बंद ठेवलं तर आतला गारवा चारेक तास टिकतो. पण हॉलमधून दर पंधरा मिनिटांनी कुणीतरी उठतं, दार उघडून आत बघतं आणि काहीही न घेता लावतं. ही झाली गळती. थकबाकी? चहाचे कप टीपॉयवर तसेच. यावरून हॉल जी-३ मध्ये गेला आणि त्याचा पंखा इन्व्हर्टरवरून उतरला. स्वयंपाकघर ए गटात. ओट्यापासून लांबच्या भिंतीवर, आच हलणार नाही असा, छोटा पंखा बसवला. सासूबाई पूर्ववत, पाटा चालवणाऱ्याला सवलत द्यावीच लागते.

दुपारी हे घामाघूम होऊन स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. म्हणाले, “जरा आत बसू का?”

“बसा की,” मी म्हणाले, “थकबाकी भरून गट बदलता येतो. कप तिथे आहेत, साबण इथे.”