उभं राहता येतं, बसता येत नाही

अगं, थांब जरा, दुपटी नंतर वाळत घाल. काल रात्री परत रडत होतं ना बाळ? यांनी आमची खिडकी लावून घेतली. मी म्हटलं, लावू नका, ऐकू दे मला. भुकेचं रडणं नव्हतंच ते.

कठडा धरून उभं होतं ना? वाटलंच! परवाच नाही का दिवाणाला धरून उभं राहिलं आणि तू सगळ्या गल्लीला फोटो पाठवलास? उभं राहायला आलं, पण खाली कसं बसायचं हे कुठे येतंय त्याला अजून? झोपेत जरा जाग आली की हात आपोआप कठड्याला जातो, उठतं, मग तिथेच अडकतं बिचारं. तू आडवं करतेस, ते परत उभं.

हे दिवसा शिकवायचं, रात्री दोनला नाही. उभं असताना खुळखुळा खाली ठेव, गुडघे हलकेच वाकवून टेकव. दोन-चार दिवस हाच खेळ. रात्री मात्र दिवा नको, गप्पा नकोत, नुसतं थोपटायचं.

जाग येणारच गं! बाळाची झोप तास-पाऊण तासाच्या आवर्तनांची असते, मधे ते जरा चाळवतंच. आपणही चाळवतो, कूस बदलतो नि विसरतो. पण मांडीवर झोपलेलं बाळ जागं झालं की मांडीच शोधणार ना? म्हणून पेंगुळलं की खाली ठेवायचं, पुरतं झोपायची वाट बघायची नाही. आमच्या न्यू जर्सीवालीनं तर फर्बर म्हणून तिथल्या कुठल्या डॉक्टरांचं १९८५ सालचं पुस्तक आणलं होतं. रडू लागलं की थोडं थांबून आत जायचं, मग आणखी थोडं थांबून. मी तिला म्हटलं, 'बाई, तुझ्या घराला चार खोल्या आहेत.' तुमच्या इथे एका खोलीत पाच माणसं, दोन मिनिटांत तुझे सासरेच उठून बाळाला घेतील!

त्यात आता नववा लागला. तू न्हाणीत गेलीस तरी भोकाड पसरतं ना? आई दिसत नाही, पण आहे कुठेतरी, हे कळायला लागलंय त्याला. दिवसभर पदराआड लपून 'बुवा' करत जा. गेलेली आई परत येते, हे त्याला पटू दे.

सासूबाई दृष्ट काढतात? काढू दे की, त्यांच्याच जिवाला बरं वाटतं. फक्त धूर खोलीत कोंडू नका म्हणावं. जायफळावर मात्र तुझं लक्ष असू दे. 'आणखी चार वेढे घालते' म्हणतील, तेव्हा सहाणच उचलून ठेव. आमच्या आजेसासूबाई परळच्या. गिरणीत पाळीला जाणाऱ्या बायका पोराला अफूची गोळी चारून जायच्या, असं त्या सांगत. पाळणाघर कुठलं तेव्हा? पोर दिवसभर गप्प पडायचं, शेजारीण म्हणायची, किती गुणी! नको गं तसलं गुणीपण.

आणि दुपारची झोप तोडू नकोस, म्हणजे रात्री झोपेल म्हणून. उलट होतं. या वयात दिवसरात्र मिळून १२ ते १६ तास झोप लागते, दमलेलं बाळ अजूनच किरकिरतं. ताप असला, कान ओढत असलं, दूध नको म्हणत असलं, तर मात्र माझं ऐकत बसू नको, सरळ डॉक्टर गाठ.

काय म्हणालीस? त्या कोपऱ्यावरच्या वहिनींचं बाळ दुसऱ्या महिन्यापासून रात्रभर झोपतं? त्यांनी सांगितलं तुला? अगं, माझ्या मोरीच्या खिडकीतून त्यांचं स्वयंपाकघर सरळ दिसतं. दोनला दिवा, साडेतीनला दिवा, आणि बाळाचा बाप बनियनवर येरझाऱ्या घालतोय!