ॲव्हरेज काय देते?

पुण्यात जुनी गाडी बघायला माणूस एकटा जात नाही. बरोबर मेव्हणा लागतो, ‘ओळखीचा’ मेकॅनिक लागतो, आणि मागच्या सीटवर बसून ‘पाय आखडत नाहीत हो’ असा निर्वाळा द्यायला सासूबाई लागतात. कोथरूडचे एक गृहस्थ असाच लवाजमा घेऊन एका रविवारी सकाळी सिंहगड रस्त्यावरच्या यार्डात पोचले. समोर २०१३ ची डिझेल हॅचबॅक उभी होती, डॅशबोर्डला नुकतंच पॉलिश मारलेलं.

‘सिंगल हँड. लेडी डॉक्टरची गाडी,’ एजंट म्हणाला. एजंटांवर विश्वास ठेवायचा तर या राज्यातली प्रत्येक डिझेल गाडी डॉक्टर घेतात, ती कधी चालवत नाहीत आणि खड्डा दिसला की उतरून पायी जातात.

मीटरवर ४८,००० किलोमीटर होते. ब्रेकच्या पेडलवरचं रबर मात्र झिजून खालचं लोखंड चकाकत होतं आणि स्टिअरिंग हाताने घासून देव्हाऱ्यातल्या गणपतीइतकं गुळगुळीत झालं होतं. मेकॅनिकने बॉनेटवर तळहात ठेवला. गरम. मंडळी यायच्या आधीच इंजिन चालवून ठेवलेलं, म्हणजे थंड इंजिनाचा धूर आणि खडखड पाहुण्यांसमोर निघायला नको. मग त्याने इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण काढलं. आतून टपरीवरच्या किटलीसारखी वाफ फुसफुसत आली, म्हणजे झिजलेल्या इंजिनाची खूण. ‘बॅक कॉम्प्रेशन मारतीये,’ तो म्हणाला. ‘थंडीमुळे असेल,’ एजंट म्हणाला. महिना मे होता.

गृहस्थांनी एवढ्या वेळात एकच प्रश्न विचारला : ‘ॲव्हरेज काय देते?’

या प्रश्नाला इतिहास आहे. १९९८ मध्ये टाटांची इंडिका पिंपरीत जन्मली आणि डिझेलवर फक्त जीप किंवा ट्रक चालतो हा समज मोडला. पुढे १२४८ सीसीचं फियाटचं इंजिन आलं. ते रांजणगावातही बनायचं, आणि स्विफ्टपासून इंडिका व्हिस्टापर्यंत परस्परांशी स्पर्धा करणाऱ्या गाड्यांच्या पोटात तेच एक इंजिन धडधडायचं. २०१२ च्या उन्हाळ्यात पेट्रोल आणि डिझेल यांच्यात लिटरमागे ३० रुपयांहून जास्त फरक होता. तेव्हा डिझेल घेणारा शहाणा ठरे. पुढे हा फरक आटत गेला आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये सरकारने डिझेलच्या दरावरचा हातच काढला. एप्रिल २०२० मध्ये धुरावरचे बीएस-६ चे नियम आले, तेव्हा मारुतीने डिझेल गाड्या बनवणंच थांबवलं. कंपनीला जमाखर्च कळला. गृहस्थांच्या डोक्यात मात्र अजून २०१२ चाच उन्हाळा चालू आहे.

त्यांचं गणित पाठीमागून मांडू. २०२५ मध्ये पुण्यात पेट्रोल १०४ च्या आणि डिझेल ९० च्या घरात होतं. पेट्रोलची गाडी लिटरला १५ आणि डिझेलची २० देते असं धरलं, तर किलोमीटरमागे अडीच रुपयांच्या आत वाचतात. गृहस्थांचं ऑफिस शिवाजीनगरला, महिन्याची धाव ४०० किलोमीटर. म्हणजे वर्षाची बचत बारा हजारांच्या आत. इंजेक्टर गेले तर दोन-तीन वर्षांची पुण्याई एका बिलात संपते; टर्बोचं नाव तर घरात काढू नये.

मेव्हण्याने मध्येच दिल्लीच्या गाडीचं टुमणं लावलं. २०१५ मध्ये हरित लवादाने आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरात १० वर्षांपुढच्या डिझेल गाड्या चालवायला मनाई केली, तेव्हापासून तिकडच्या गाड्या मातीमोल भावात इकडे येऊ लागल्या. ‘निम्म्या किमतीत!’ मेव्हणा म्हणाला. एनओसी, इथला रोड टॅक्स, नवं पासिंग आणि आरटीओतल्या चकरा हा उरलेला निम्मा भाग त्याने सांगितला नाही.

शेवटी २०२१ ची बीएस-६ डिझेल एसयूव्ही पसंत पडली. बँकेचा बोजा उतरवलेला, गाडी नावावर करायच्या टीटी फॉर्मवर सह्या तयार, पेडलचं रबर शाबूत. मेकॅनिकने तरी विचारलंच, ‘साहेब, गावातच फिरणार?’ त्याच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

तीन महिन्यांनी डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला. बीएस-६ डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारी एक गाळणी असते, डीपीएफ नावाची. अडकलेली काजळी जळायला ६०० अंशांच्या आसपास उष्णता लागते, आणि ती मिळायला गाडी पंधरा-वीस मिनिटं एका लयीत पळवावी लागते. कर्वे रस्त्यावर ही सोय नाही. काजळी जाळायच्या अर्धवट राहिलेल्या प्रत्येक प्रयत्नात थोडं डिझेल इंजिन ऑइलमध्ये झिरपतं. गृहस्थांनी डिपस्टिक बघून सोसायटीत आनंदाने जाहीरही केलं होतं : ‘आमची गाडी ऑइल खात नाही, उलट पातळी वाढतेय!’

हल्ली दर रविवारी हे कुटुंब साताऱ्याच्या दिशेने निघतं. काम काही नसतं. कात्रजचा बोगदा, खेड शिवापूरचा टोल, थर्मासमधला चहा, सासूबाईंचे पाय पसरलेले. सगळ्यांचे डोळे त्या पिवळ्या दिव्यावर. दिवा विझला की टाळ्या, यू-टर्न, पुन्हा टोल. परतताना वॉचमन गेट उघडतो आणि कौतुकाने विचारतो, ‘साहेब, ॲव्हरेज काय देते?’

‘हायवेला बावीस,’ गृहस्थ काच खाली करून सांगतात.